खोली नाही म्हणाले ती सकाळ

माझी आई तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. पुढे वडिलांची वनखात्यातली ड्रायव्हरची नोकरी आम्हाला सिरोंच्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका तालुक्याच्या गावी घेऊन आली. तिथंच त्यांनी घर बांधलं आणि आईची नोकरी सुटली. पण दवाखाना तिच्यातून सुटला नाही. आमच्या घरापासून सरकारी दवाखाना चालत पाच मिनिटांवर. आत जंगलातल्या गावांमधून आजारी माणसाला घेऊन आलेले लोक दवाखान्याच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसलेले असायचे. आजाऱ्याला आत खाट मिळायची, सोबतच्यांनी कुठं जायचं ते त्यांना कळायचं नाही. परतीची एसटी दिवसातून एक, तीही निघून गेलेली. आई भाजी आणायला जायची आणि येताना अशा कुणाला तरी सोबत घेऊन यायची.

घराच्या पुढच्या अंगाला एक खोली होती. तिचं दार सरळ छपरीत, म्हणजे ओसरीत, उघडायचं. वडिलांनी ती भाड्यानं द्यायला म्हणून बांधली होती, पण तिथं भाडेकरू कधी आला नाही. त्या खोलीत कोण कोण राहून गेलं याची कुणी नोंद ठेवली नाही. सापानं चावलेल्या पोराचे आईबाप, तेंदूच्या जंगलात अस्वलानं फाडलेल्या माणसाची बायको, दिवस भरत आलेल्या बाया. काही दोन दिवस राहत, काही महिनाभर. आईला गोंडी थोडीशीच यायची. कुठं दुखतं, जेवलात का, घाबरू नका, एवढंच. तेवढ्यावर तिचं भागायचं. अंथरुणं ती स्वतः उकळत्या पाण्यात सोडा टाकून धुवायची. चूल एकच होती. आम्ही जे खायचो तेच तिकडे जायचं.

आमची तिसरी पिढी ख्रिस्ती. आई दर रविवारी उपासनेला जायची, पण धर्माबद्दल ती कधी फार बोलली नाही. एकदा मंडळीत नवे पाळकसाहेब आले. त्यांनी कौतुकानं विचारलं, "बाई, तुमच्याकडे इतके लोक येतात. त्यांना प्रभूबद्दल काही सांगता का?" आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, "साहेब, मले भात शिजवता येते. सांगनं तुम्ही सांगा." पाळकसाहेब हसले. त्यांना ते पटलं की नाही, कुणास ठाऊक.

मला मात्र ती खोली आवडायची नाही. आज हे लिहायला बसले आहे तर खरंच लिहिते. मला त्या ओल्या कपड्यांचा, धुराचा, बिडीचा वास सहन व्हायचा नाही. छपरीच्या कोपऱ्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन थुंकलेलं मला धुवावं लागायचं. दहावीच्या परीक्षेच्या आधी एक म्हातारा तिथं राहायला आला. त्याच्या मुलाला दवाखान्यात ठेवलं होतं. म्हातारा दिवसभर खोकायचा. मी आईला म्हटलं, "निदान माझी परीक्षा होईपर्यंत तरी कुणाला आणू नको." आईनं माझी पुस्तकं उचलली, स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, "इथी बस. इथी खोकला ऐकू येत नाई." मी तेव्हा ठरवलं होतं, माझं घर होईल तेव्हा त्यात अशी खोली असणार नाही.

पण मला तेच घर मिळालं. वडील गेले, मी शाळेत शिक्षिका झाले. नवरा चंद्रपूरला नोकरीला, तो शनिवारी येई. मी मुलीला घेऊन आईजवळच राहिले. आई हयात होती तोवर खोली चालू होती आणि मी काही बोलत नव्हते. तिनंच सगळं करायचं आणि मी वाट काढून शाळेत जायचं, असं चाललं होतं. मग एका पावसाळ्याच्या सुरुवातीला चार दिवसांच्या तापानं आई गेली.

त्यानंतरही लोक येत राहिले. दारात उभे राहून "बाई?" म्हणून हाक मारायचे. मी सांगायची, "बाई वारली." काही जण तिथंच पायरीवर उकिडवे बसायचे. एक म्हातारी तर मोठ्यानं रडली. मग ते उठून जायचे. मी कुणाला "जा" म्हटलं नाही. आई नाही म्हणजे खोलीही नाही, असं त्यांनीच धरलं आणि मी ते धरू दिलं. चार-सहा महिन्यांत येणं थांबलं. मी खोलीत नवी फरशी बसवली, भिंती रंगवल्या, पंखा लावला आणि मुलीचं टेबल तिथं मांडलं. ती डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करत होती. तिला स्वतंत्र खोली हवी होती, हे काही खोटं नाही.

आईला वर्ष झालं तेव्हा मंडळीनं रविवारच्या उपासनेत तिची आठवण ठेवली. मला बोलायला सांगितलं. मला बोलता येतं, तो माझा पेशाच आहे. मी आईचा भात सांगितला, अस्वलानं फाडलेल्या माणसाची बायको सांगितली, पाळकसाहेबांना दिलेलं उत्तर सांगितलं. लोक हसले आणि मग डोळे पुसू लागले. शेवटी मी म्हणाले, "माझ्या आईनं दारातून कुणाला परत पाठवलं नाही. प्रभूनं दाखवलेल्या वाटेवर ती चालली. आम्हीही तिच्या मागं चालायचा प्रयत्न करत आहोत." हे वाक्य मी आदल्या दिवशी वहीत लिहून पाठ केलं होतं. खाली उतरल्यावर बायकांनी माझे हात धरले. मला खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास ते दोघं आले.

पंचविशीचा एक माणूस होता. त्याच्या हातात छत्री, खांद्याला कापडी पिशवी आणि काखेत एक छोटं बोचकं. मागं त्याची बायको. तिचे दिवस भरत आले आहेत हे बघताक्षणी कळत होतं. पायांवर सूज होती. ती छपरीच्या पायरीशी आली आणि न विचारता बसली. उभं राहणं तिला जमतच नसावं.

"बाईचं घर हेच ना?" त्यानं विचारलं.

"हो. पण आई वारली माझी. वर्ष झालं."

"दवाखान्यात सांगतलं, इथी जागा मिळते म्हणून." मग त्यानं एका दमात सगळं सांगून टाकलं. "डाक्टर म्हणते, दिवस जवळ आले. आमच्या गावाच्या वाटेत दोन नाले आहेत. भरले का मानूस निघत नाई. म्हणून इथीच राहा म्हणते. माहेरघरात जागा नाई, भरलं आहे. पंधरा दिवस राहू द्या. तांदूळ आनला आहे आम्ही. आमचं आम्ही शिजवू."

माहेरघर म्हणजे दवाखान्यापाशी गरोदर बायांना राहायला केलेल्या खोल्या. पावसाळ्यात त्या भरून जातात, हे मला ठाऊक होतं. त्यानं बायकोकडे हात केला. "हिची मायसुद्दा इथीच राह्यली होती. ही झाली तवा. बाईनं ठेवलं होतं तिले."

मी दारात उभी होते. माझ्यामागं दार अर्धं उघडं होतं. आत पंखा फिरत होता, टेबलावर पुस्तकांची चळत होती, नवी फरशी चमकत होती. मुलगी आंघोळीला गेली होती. मला आठवतं, माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा काय आलं. पंधरा दिवस, म्हणजे बाळंतपणानंतरचे धरले तर महिना. ओली फरशी. मुलीची सराव परीक्षा.

"खोली नाही आता," मी म्हणाले. "आई गेल्यावर ती खोलीच राहिली नाही."

ती बाई पायरीवरून माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या कोपराच्या बाजूनं आत गेली आणि तिथं काही क्षण थांबली. मी दार थोडं ओढून घेतलं.

"कुठी जावं मग?" त्यानं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. तो खरंच विचारत होता.

"बसस्थानकाजवळ विचारा. तिथं कुणीतरी सांगेल."

तिथं सांगणारं कुणी नाही, हे मला माहीत होतं. मी आत गेले, बिस्किटांचा एक पुडा आणला आणि त्याच्या हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. त्यानं बायकोला उठवलं आणि ते दोघं गेले. पुडा दिल्यामुळं मला हलकं वाटलं, हे मला आज सगळ्यात जास्त लाजेनं लिहावं लागतं.

मुलगी केस पुसत बाहेर आली. "कोण होतं गं?"

"कुणी नाही," मी म्हणाले आणि शाळेत गेले.

त्या आठवड्यात पाऊस लागला तो थांबेना. पुढच्या आठवड्यात नद्या वर आल्या, रस्ते बंद झाले, आमच्या शाळेलाही तीन दिवस सुट्टी मिळाली. आम्ही भजी तळली. त्या दोघांची मला एकदा आठवण झाली. पण मी स्वतःला सांगितलं, दवाखान्यानं काहीतरी सोय केलीच असेल.

रस्ते सुरू झाल्यावरच्या रविवारी उपासना संपवून मी चपला शोधत होते. आमच्या मंडळीतली एक नर्स माझ्याकडे आली. ती त्याच सरकारी दवाखान्यात आहे, आईला फार मानायची. तिचा चेहरा ओढलेला होता.

"ती जोडी तुझ्याकडे राह्यली होती ना?" तिनं विचारलं. "मग परत गावाले काऊन गेली? काही झालं का?"

"कोणती जोडी?"

"अगं, दिवस भरलेली बाई अन् तिचा नवरा. सोमवारी मीच पाठवलं होतं तुझ्या घरी. आदल्या दिवशी तू एवढं चांगलं बोलली. मले वाटलं, बाईचं घर चालू आहे अजून. मी लगेच आतल्या गावाच्या कॅम्पवर गेलो, रस्ता बंद झाला, तिकडेच अडकलो. मले काही पत्ताच नाई."

आमच्या भागात बायकाही "मी गेलो" असंच म्हणतात. ती म्हणायची, आईही म्हणायची.

मला तिथं खरं सांगता आलं असतं. भोवती दोघी-तिघीच होत्या.

"माझ्याकडे कुणी आलं नाही," मी म्हणाले.

तिनं कपाळाला हात लावला. "म्हणजे त्याइले घरच सापडलं नाई. अरे देवा! मी सोबत जायले पायजे होतं. पाच मिनिटाची तर वाट होती. माझीच चूक झाली."

मग तिनं पुढचं सांगितलं. ते दोघं जीपनं गावाकडे परतले होते. नाले भरल्यावर तिच्या पोटात दुखायला लागलं. गावातल्या चौघांनी तिला बाजेवर घालून खांद्यावरून आणलं. पहिला नाला त्यांनी कसाबसा पार केला. दुसरा उतरेना. त्या नाल्याच्या काठी, मोहाच्या झाडाखाली ताडपत्री धरून, तिचं बाळंतपण झालं. बाळ आडवं होतं. ते वाचलं नाही. पाणी उतरल्यावर बाईला दवाखान्यात आणलं. खूप रक्त गेलं होतं, पण जीव वाचला. आता वॉर्डात होती.

"मुलगा होता," नर्स म्हणाली आणि पुन्हा म्हणाली, "मी सोबत जायले पायजे होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिचं सांत्वन केलं. हे मी केलं.

त्या रात्री आणि पुढच्या रात्रीही झोप लागली नाही, याचं कौतुक काही नाही. मंगळवारी शाळेतून रजा घेतली, मऊ भात आणि वरण डब्यात भरलं आणि दवाखान्यात गेले. पाच मिनिटांची वाट. फाटकापाशी पोचून मी दोनदा मागं फिरले.

ती खिडकीखालच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा खाली फरशीवर बसला होता. मला बघून तो उठला आणि खाटेजवळचं एकुलतं स्टूल त्यानं माझ्याकडे सरकवलं. मी बसले नाही. बायकोनं मान वळवली. तिनं मला ओळखलं. तिनं छातीला एक फडकं घट्ट आवळून बांधलं होतं आणि ते ओलं झालं होतं. ते कशानं ओलं झालं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मीही एक मूल पाजलं आहे.

डबा ठेवून मी काहीतरी बोलणार होते. घरून ठरवून आले होते, आधी विचारपूस करायची, मग हळूच सांगायचं. पण ते फडकं पाहिल्यावर शब्द पाठ राहिले नाहीत.

"त्या दिवशी मी खोटं बोलले," मी म्हणाले. "खोली होती."

"दिसत होती, बाई," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत काही?"

"तुमचं घर आहे. काय बोलावं?"

तो रागावून बोलला असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्याकडे न बघता डब्याकडे बघत होता. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मीही मागितलं नाही. मागायची हिंमत झाली नाही. बायको खालच्या आवाजात गोंडीत काही म्हणाली. त्यानं तिला उत्तर दिलं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"इचारते, तिथी पुस्तकं होते लय. पोरगी आहे का तुमची? काय शिकून राह्यली?"

मला सांगावं लागलं. "डॉक्टर होण्याची परीक्षा देणार आहे."

त्यानं ते तिला सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली आणि मोडक्या मराठीत स्वतःच म्हणाली, "चांगलं आहे. शिकू द्या तिले."

मी तिथून बाहेर पडले नाही, पळाले. जिन्यापाशी थांबले, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा वर गेले. त्याला म्हटलं, "सुट्टी झाली की माझ्याकडे चला. ती धड चालायला लागेपर्यंत राहा. खोली आजच मोकळी करते."

"नको, बाई. आता घरी जातो. रोवणी अडली आहे," तो म्हणाला. धानाची रोपं वाफ्यात वाढून चालली होती, पाऊस होता तोवर शेतात लावायला हवी होती. ते कारण खरंच असेल. चौथ्या दिवशी ते गेले. डबा त्यानं घासून नर्सकडे दिला होता.

तो डबा द्यायला नर्स घरी आली, तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. दारातून परत पाठवलेलं, बिस्किटांचा पुडा, चर्चच्या पायरीवरचं खोटं, सगळं. ती ऐकत राहिली. मला वाटलं, ती ओरडेल. तिचा आवाज उलट खाली गेला.

"तू नाई म्हटलं असतं, तरी चाललं असतं," ती म्हणाली. "नाई म्हणाचं, अन् मले एक फोन कराचा. माझ्या घरी जागा होती. दवाखान्यात कोनालेही सांगतलं असतं तरी झालं असतं. तू त्याइले बसस्टँडवर पाठवलं." जाताना म्हणाली, "अन् आठ दिवस मी सोताले खाऊन राह्यलो. तू पाहत होती."

पुढे बरेच महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

मुलीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती शांत मुलगी आहे. तिनं एवढंच विचारलं, "त्या दिवशी 'कुणी नाही' म्हणालीस ना, ते हेच?" मी हो म्हटलं. ती उठली आणि टेबलावरची पुस्तकं उचलून आतल्या खोलीत नेऊ लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, मी नेते." तिच्या मनात माझ्याबद्दल त्या दिवशी काय बदललं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. ती आता नागपूरला शिकते. फोनवर गोड बोलते. पण काही सांगायचं असलं की आधी बापाला सांगते.

खोली मोकळी केली, पण महिनाभर कुणी आलंच नाही. दार उघडं ठेवून काय होणार? लोकांनी ते घर सोडून दिलं होतं. शेवटी मीच दवाखान्यात गेले आणि नर्सला म्हटलं, "कुणाला गरज असली तर पाठव." तिनं माझ्याकडे बघितलं. "नक्की?" ती म्हणाली. तो प्रश्न मला लागायला हवा होता आणि लागला. पंधरा दिवसांनी तिनं एक म्हातारा-म्हातारी पाठवली. नातवाला दवाखान्यात ठेवलं होतं.

मी आई नाही. हे कुणी समजू नये की त्यानंतर माझं मन बदलून गेलं. मला अजूनही खर्ऱ्याच्या पिचकाऱ्या दिसल्या की संताप येतो. मी अंथरुणं मोजून देते आणि मोजून घेते. कुणी आठ दिवसांऐवजी वीस दिवस राहिलं की माझ्या कपाळावर आठ्या येतात, आणि त्या त्यांना दिसतात हेही मला ठाऊक आहे. आईला हे सगळं आतून यायचं की तीही दात आवळून करायची, हे मी तिला कधी विचारलं नाही. आता विचारावंसं फार वाटतं.

त्या वर्षी डिसेंबरात नाताळचं नाटक बसवायला मी नकार दिला. दरवर्षी मीच बसवायची. गरोदर मरियेला आणि योसेफला सराईवाला जागा नाही म्हणून परत पाठवतो, तो प्रवेश मी मुलांकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायची. "जोरात म्हण, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे," असं सांगायची. घसा बसला आहे, एवढंच कारण मी पाळकसाहेबांना दिलं.

आईला दोन वर्षं झाली, तेव्हा पुन्हा मला बोलायला सांगितलं. मी उठले. या वेळी वही नेली नव्हती. गेल्या वर्षी इथं उभी राहून मी काय बोलले, आणि दुसऱ्या दिवशी काय केलं, ते सांगितलं. बाळ गेल्याचं सांगितलं. नर्सला खोटं सांगितल्याचंही. कुणी डोळे पुसले नाहीत. लोक चुळबुळ करू लागले, कुणी गीतांच्या पुस्तकाची पानं उलटायला लागलं. पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना केली. बाहेर पडताना आईच्या वयाची एक बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "कशाले सांगतलं सगळ्याइसमोर? तुझ्या मायचा दिवस होता." तिचंही चूक नव्हतं. मी ते कुणासाठी सांगितलं, त्यांच्यासाठी की माझा भार उतरावा म्हणून, हे मला तेव्हाही नक्की ठाऊक नव्हतं. भार तर उतरला नाही. नर्स मात्र त्या दिवशी माझ्यासाठी फाटकापाशी थांबली आणि आम्ही घरापर्यंत सोबत चालत आलो. वाटेत ती तिच्या गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलत होती.

गेल्या हिवाळ्यात आठवडी बाजारात मला तो माणूस भेटला. बांबूची सुपं विकायला आणली होती. त्यानं मला ओळखलं आणि उठून उभा राहिला. बायको कशी आहे विचारलं. "चांगली आहे," तो म्हणाला. "पोरगी झाली. तीन महिन्याची आहे."

मला इतका आनंद झाला की मी त्याचा हातच धरला. तो अवघडून हसला.

"दवाखान्यात झाली ना?"

"हो. दीड महिना आधीच नेलं होतं. एटापल्लीले हिची बहीण राहते, तिथी ठेवलं."

एटापल्ली त्यांच्या गावाहून आमच्यापेक्षा कितीतरी लांब. तिकडे जायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "इतक्या लांब कशाला नेलं? माझ्याकडे खोली आहे आता. लोक राहतात."

"हो. कळलं होतं," तो म्हणाला.

एवढंच म्हणाला. कुणीतरी सुपाचा भाव विचारला आणि तो तिकडे वळला. मी थोडा वेळ तिथं उभी राहिले. मग एक सूप विकत घेतलं. घरात दोन सुपं होती, तरी घेतलं. घरी आले तेव्हा खोलीतली बाई छपरीत बसून वाट बघत होती. तिच्या नवऱ्याचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं आणि दवाखान्यानं कसलासा कागद मागितला होता. तो कुठं मिळतो ते तिला कळत नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासोबत निघाले.